केरबा सुताराचा ठोकळा

गावाचं नाव विचारू नका, त्या गावची माणसं अजून हिंडतीफिरती आहेत. तिथं एक सुतार होता, एवढं पुरे. नाव केरबा. हात चांगला, नजर वाईट. वाईट म्हणजे बायाबापड्यांकडं बघणारी नव्हे. कुणाकडंच सरळ न बघणारी.

चहात साखर जास्त पडली तर हा विचारी, "आज एवढं गोड कशापायी?" कुणी रामराम घातला की चार पावलं पुढं जाऊन मागं वळून बघी, हा आपल्याला हसतोय का. उसना दिलेला रंधा परत आला की त्याचं पातं काढून उन्हात धरी. पातं कधीच कुणी बदललेलं नसे. तरी पुढच्या वेळी पुन्हा उन्हात धरी.

घरी बायको हौसा. कामाला जोडीदार हौसाचा धाकटा भाऊ भैरू. तो चार घरं सोडून राहायचा. अकरा वर्षं दोघांनी एकत्र काम केलं. लाकूड लांब असलं की एका टोकाला दाजी, दुसऱ्या टोकाला मेहुणा. गावातल्या निम्म्या दारांना या दोघांचे हात लागलेले.

मग केरबानं विजेवर चालणारी कापायची मशीन आणली. वर गोल पातं. दांडा धरून खाली ओढलं की लाकूड लोण्यासारखं तुटायचं. पातं तिरकं फिरवून ठेवलं की कोन करूनही कापायची. घराला लागून पत्र्याची शेड होती, तिथं त्यांनी ती जमिनीवरच ठेवली आणि उकिडवे बसून कापायला लागले. लांब पट्टीची टोकं दोन्हीकडं लोंबायची. पट्टी हलायची, काप वाकडा जायचा.

भैरू म्हणाला, "दाजी, नवरी घरात आणली आणि तिला पाट नाही मांडला तुम्ही. ती तरी सरळ कशी चालंल?"

"मग काय करू म्हणतोस?"

"लांब बाक करू. मशीन मधोमध थोडी खाली बसवायची. दोन्ही बाजूच्या फळ्या मशीनच्या अगदी बरोबरीनं. पट्टी आडवी टाकली की टोकापर्यंत टेकली पाहिजे."

केरबा लगेच हो म्हणाला नाही. दोन दिवस त्यानं विचार केला. बाकाचा नाही. याला एवढी का पडलीय, याचा. इथं करून हात बसवणार आणि उद्या स्वतःच्या दारात बाक मांडणार, असं त्याच्या डोक्यात आलं. तिसऱ्या दिवशी बसून बसून कंबर धरली, तेव्हा म्हणाला, "करू."

चार दिवस लागले. जुन्या गोठ्याच्या दाराच्या सागवानी फळ्या होत्या, त्या घेतल्या. बाक झाला दहा फूट. पाण्याची नळी लावून पातळी बघितली तर उजवी बाजू आगकाडीभर वर. भैरूनं त्या बाजूचे पाय तासले. पुन्हा बघितलं, अजून वर. पुन्हा तासले. मग पाठीमागं एक सरळ पट्टी ठोकली आणि त्या पट्टीवर सरकणारा एक ठोकळा बसवला. ठोकळ्याला मागून बोल्ट. पात्यापासून हवं तेवढं अंतर टेपनं मोजायचं, तिथं ठोकळा आवळायचा, लाकूड त्याला नेऊन भिडवायचं आणि कापायचं. मग शंभर तुकडे कापा, शंभर सारखे. दर वेळी टेप नको, पेन्सिल नको.

ठोकळा भैरूनं शिसवाचा केला होता. केरबानं तो हातात घेऊन सहाही बाजूंनी बघितला. खोट सापडली नाही. म्हणून त्याला काही बरं वाटलं नाही.

या बाकाचं खरं सुख झालं हौसाला. तिच्याकडं पत्र्याची भुशाची शेगडी होती. मधे बाटली उभी करायची, भोवती भुसा ठासायचा, बाटली अलगद काढायची आणि खालून पेटवायचं. दोन-तीन तास धग राहते. पूर्वी भुसा मातीत पडायचा, आता फळीवर स्वच्छ पडायला लागला. दिवसातून चार वेळा ती कुंचा आणि सूप घेऊन यायची. फळी झाडायची. ठोकळ्याच्या तोंडाशी भुसा दाबून बसायचा, तो काडीनं उकरून काढायची. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. झाडणारी बाई कोपरा सोडत नसते.

त्याच सुमाराला शेजारच्या गावच्या शाळेचं काम आलं. बत्तीस खिडक्यांच्या चौकटी. मुख्याध्यापिका शिंगटेबाई स्वतः सांगायला आल्या. बोलणं तुटक, काम नेमकं.

"मिस्त्री, आधीच्या खिडक्यांच्या कोपऱ्यांतून वारा येतो. पहिलीची पोरं थंडीभर खोकतात. मला कोपरे मिटलेले पाहिजेत. महिन्यानं बघायला येईन."

चौकटीचा कोपरा मिटायला दोन गोष्टी लागतात. काप बरोबर कोनात पाहिजे आणि समोरासमोरच्या बाजू सारख्या लांबीच्या पाहिजेत. एक बाजू जरा आखूड झाली की कोपरा तोंड उघडतो. बाकावर हे काम झकास चाललं. अठरा चौकटी झाल्या. सांध्यावरून नख फिरवलं तरी सांधा कळत नव्हता. केरबासुद्धा खूश होता, म्हणजे गप्प होता.

मग हौसा नणंदेकडं बारशाला गेली. दोन दिवस तिकडंच राहिली. आल्यावर बघते तर केरबा एकोणिसावी चौकट समोर धरून उभा. कोपऱ्यात फट. समोरासमोरच्या बाजू मोजल्या. एक सकाळी कापलेली, एक दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. संध्याकाळची सूतभर आखूड. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा.

"ठोकळा कुणीतरी सरकवलाय," केरबा म्हणाला.

हौसा म्हणाली, "ठोकळ्याच्या तोंडाशी भुसा बसला असंल. दोन दिवस झाडलं नाही मी. थांबा, उकरते."

एवढं सोपं होतं. इथंच गोष्ट संपायची. पण संशयी माणसाला सोपं उत्तर दिलं की त्याला वाटतं, हे आधीच ठरवून ठेवलं होतं.

"थांब," तो म्हणाला. "हात लावू नकोस. मी टेप लावून बघतो."

त्यानं टेप वरच्या अंगानं लावला. ठोकळा जिथं आवळला होता तिथंच होता. आवळताना पट्टीवर केलेली पेन्सिलची खूणही जुळत होती. दुसरा कुणी म्हणाला असता, चला, ठोकळा हलला नाही. केरबा म्हणाला, "जो सरकवतो, तो परतही आणून ठेवतो."

त्यानं भैरूला हाक मारली. "ठोकळ्याला कुणी हात लावला?"

भैरू पटाशीला धार लावत होता. मान वर न करता म्हणाला, "दाजी, मी सरकवला असता तर तुम्हाला कळलं नसतं. मीच केलाय तो."

थट्टेत बोललेलं वाक्य. केरबानं ते कबुलीजबाबासारखं मनात ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवसापासून नवा कायदा. बाकाला केरबाशिवाय कुणी शिवायचं नाही. भैरूनं लांब बसून चौकटी जोडायच्या. बाकाभोवती खडूची रेघ. हौसा कुंचा घेऊन आली तर तिलाही रेघेबाहेर थांबवलं.

"भुसा तरी नेऊ द्या. शेगडी थंड पडलीय."

"भुशाच्या नावाखाली कोण काय करतं ते मला कळतं."

"काय करते मी?"

"तू त्याची बहीण आहेस."

हौसानं कुंचा खाली ठेवला. सूपही ठेवलं. म्हणाली, "त्याची बहीण आहेच. तुमची कोण आहे ते आज कळलं." आणि आत गेली. त्या दिवसापासून तिनं पाणी काटक्यांवर तापवलं.

आता बघा काय झालं. झाडणारी थांबली, तसा भुसा बसत गेला. केरबा एक एक लाकूड नेऊन ठोकळ्याला भिडवायचा आणि आपल्याच हातानं तो भुसा दाबून घट्ट करायचा. लाकूड ठोकळ्याला टेकतच नव्हतं, भुशाला टेकत होतं. फट सुताची दीड सूत झाली. जितकी फट वाढली तितकी राखण वाढली. जितकी राखण वाढली तितका भुसा वाढला.

केरबा भाकरी बाकासमोर बसून खायला लागला. एक दिवस त्यानं डोक्याचा केस उपटला आणि खळ लावून ठोकळा आणि पट्टी यांच्यामधे आडवा चिकटवला. कुणी ठोकळा हलवला तर केस तुटणार. दुपारी मुद्दाम तासभर बाहेर जाऊन आला. केस जागच्या जागी. लाकूड कापलं, आखूडच.

केरबानं वाकून त्या केसाकडं बघितलं. केस पांढरा होता. मग त्यानं भैरूच्या डोक्याकडं बघितलं. तेही पांढरं.

"जुना तोडून आपला चिकटवलाय," तो स्वतःशीच म्हणाला. त्याला उलट समाधान वाटलं. चोर हुशार निघाला की राखणदाराला मोठेपणा वाटतो.

घरात एवढं झालं तेवढ्यावर राहिलं असतं तरी चाललं असतं. पण संशय पोटात राहत नाही, त्याला बाहेर पडायला वाट लागते. केरबा स्टँडजवळच्या चहाच्या गाड्यावर बसला असता कुणीतरी विचारलं, शाळेचं काम कुठवर आलं. तो म्हणाला, "कुठवर येणार? घरातलाच माणूस रात्रंदिस माप मोडतोय."

"कोण म्हणायचं?"

"नाव कशाला घ्यायचं? मेहुणा आहे, आपलाच आहे."

नाव घेतलं नाही म्हणून त्याला वाटलं, आपण कुणाला काही बोललो नाही. चहा संपायच्या आत ते न्हाव्याच्या दुकानात पोचलं होतं.

भैरूला ते गिरणीवर कळलं. दळण तिथंच ठेवून तो शेडमध्ये आला. खडूच्या रेघेबाहेर उभा राहिला.

"दाजी, मी माप मोडतो?"

केरबा म्हणाला, "मग कोण मोडतं?"

"तुम्ही मला विचारताय का सांगताय?"

हौसा दारात आली होती. भैरू तिच्याकडं बघून म्हणाला, "आक्का, तुला काय वाटतं?"

हौसा म्हणाली, "मला काय वाटतं ते मी पहिल्याच दिवशी सांगितलंय. भुसा झाडा म्हणून. यांना भुसा नको, माणूस पाहिजे."

भैरूनं आपली हत्यारं गोळा केली. रंधा, दोन पटाश्या, हातकरवत, गुण्या. पोत्यात बांधली. ठोकळा त्यानं केला होता, तो मात्र तिथंच राहू दिला. जाताना एवढंच म्हणाला, "अकरा वर्षांत मी तुमच्याकडचा खिळासुद्धा वाकडा मारला नाही. खिळ्यांना विचारा."

आता भैरूपाशी उरलं होतं ते त्याचं नाव. सुताराला नावावरच काम मिळतं. लोक त्याला घरात घेतात, कपाटापर्यंत, देव्हाऱ्यापर्यंत. भैरू बाजाराच्या गावी एका मोठ्या मिस्त्रीकडं गेला. मिस्त्रीनं पाणी दिलं, विचारपूस केली आणि म्हणाला, "कामाला तू वाघ आहेस रे. पण जो सख्ख्या दाजीचा ठोकळा सरकवतो, तो माझा ठेवील काय?" दुसरीकडं गेला. तिथं नुसतंच हसले. तिसरीकडं गेला नाही.

महिना भरला आणि शिंगटेबाई आल्या. अठरा चौकटी बघितल्या, मान हलवली. पुढच्या चौदा बघितल्या. एका कोपऱ्यात पेन्सिलचं टोक घातलं. आत गेलं.

"हे काय मिस्त्री?"

"बाई, माझा दोष नाही. घरातलाच एकजण ठोकळा सरकवत होता. आता तो माणूस गेला."

"कधी गेला?"

"आठ दिवस झाले."

"ही शेवटची कधी केली?"

शेवटची काल केली होती. फट तिलाच सगळ्यात मोठी होती.

बाई म्हणाल्या, "माझ्यासमोर कापा."

केरबानं ठोकळ्याचं अंतर टेपनं मोजून दाखवलं. बरोबर तीन फूट. लाकूड नेऊन भिडवलं, कापलं. बाईंनी टेप घेऊन तुकडा मोजला. दोन सूत आखूड.

"आता कुणी सरकवला? मी का तुम्ही?"

मग त्या वाकल्या. चष्मा वर केला. लाकूड जिथं टेकलं होतं तिथं बोट घातलं, मग केसातला आकडा काढून उकरलं. भुशाची एक वडी निघून फळीवर पडली. दाबून दाबून दगड झालेली. लाकडाच्या तोंडाचा ठसा तिच्यावर स्वच्छ उमटला होता.

"पहिलीची पोरं पाटी पुसतात आणि मग लिहितात," बाई म्हणाल्या. "हे रोज कोण झाडायचं?"

केरबानं घराच्या दाराकडं बघितलं.

"चौदा चौकटी पुन्हा करा. पंधरा दिवस देते." बाई निघून गेल्या.

केरबानं लाकडं पुन्हा कापली. दर कापाला ठोकळा झाडला. एकट्यानं बाकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळाला. चौकटी झाल्या, कोपरे मिटले, शाळेला खिडक्या लागल्या. लाकडाचं बरं असतं, ते पुन्हा कापता येतं.

वडी निघाली त्याच संध्याकाळी तो हौसासमोर जाऊन उभा राहिला होता. "चुकलं माझं."

"मला सांगू नका," ती भाकरी थापत म्हणाली. "मला ठाऊकच होतं. जिथं जिथं बोललात तिथं जाऊन सांगा. तोंडानं गेलंय ते तोंडानंच परत आणा."

हे त्यानं केलं. तेवढं त्याला मानलं पाहिजे. सकाळी चहाच्या गाड्यावर गेला आणि चार माणसांत उभ्यानं म्हणाला, "भैरूनं काही केलं नव्हतं. भुसा साचला होता. चूक माझी."

माणसं ऐकत राहिली. एकजण बशीत चहा ओतत म्हणाला, "बायकोनं पाठवलंय वाटतं."

"नाही, खरंच भुसा होता."

"असंल की. मेहुणा पडला. झाकायला नको?"

दुसरा म्हणाला, "केरबा, तू मोठ्या मनाचा आहेस. आम्ही काय ते समजलो."

केरबा न्हाव्याच्या दुकानात गेला. तिथंही तेच. गिरणीवर गेला, तिथं बायांनी एकमेकींकडं बघितलं. बाजाराच्या गावी त्या मिस्त्रीकडं गेला. मिस्त्री म्हणाला, "एवढ्या लांब येऊन सांगतोस म्हणजे काहीतरी असणारच." केरबा जितकं जोरात सांगे, तितकं लोकांना वाटे की प्रकरण मोठं आहे. त्याला कुणावर चिडताही येईना. हे असंच तो केसाकडं बघून बोलला होता.

शेवटी भैरूला दुसऱ्या जिल्ह्यात काम मिळालं. जिथं कुणी ओळखत नाही तिथं. वयाच्या पन्नाशीत तो नव्यानं नाव करायला निघाला. त्याला पोचवायला हौसा स्टँडवर आली. केरबाही आला. भैरूच्या हातातलं हत्यारांचं पोतं त्यानं ओढून स्वतःच्या खांद्यावर घेतलं होतं. भैरूनं घेऊ दिलं.

"राहा म्हणायला मला तोंड नाही," केरबा म्हणाला.

"म्हणू नका," भैरू म्हणाला. "दिवाळीला येईन. आक्काच्या हातचं जेवीन. तुमच्याशी पण बोलीन. काम मात्र तुमच्याबरोबर होणार नाही दाजी. लाकूड धरलं की माझं लक्ष लाकडावर राहणार नाही, तुमच्या डोळ्यांवर राहील."

बस आली. केरबानं पोतं त्याच्याकडं दिलं. भैरू पायरीवर चढला, आणि पोतं पुन्हा खाली केरबापुढं धरून म्हणाला, "दाजी, जायच्या आधी सोडून बघा. तुमचं काही निघायला नको."

थट्टाच होती. अर्धी.

केरबा म्हणाला, "असं बोलू नकोस रे." पण बोलता बोलता त्याचा हात पोत्याच्या गाठीकडं गेला. सवयीनं गेला. त्याचं त्यालाच कळलं नाही.

हौसानं ते बघितलं. भैरूनंही बघितलं. त्यानं पोतं आत ओढून घेतलं आणि बस निघाली.

तात्पर्य: दुसऱ्याचा हात धरण्याआधी आपल्या हाताखालचा कचरा झाडावा. माप चुकलं तर पुन्हा घेता येतं, पण माणसावर घेतलेला संशय एकदा गावात सोडला की आपण तो मागं घेतो म्हटलं तरी गाव परत देत नाही.